कासवाला शिकवणारी मुले

संगणक मुलांना शिकवतो, असे आपण सहज बोलून जातो. हे वाक्य उलटे करून पाहणारे एक गणिती होऊन गेले. त्यांचे नाव सेमूर पेपर्ट. जन्म १९२८ चा, दक्षिण आफ्रिकेतला. जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्यासोबत काही वर्षे काम करून ते अमेरिकेत आले आणि १९६७ मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्या जोडीला जमिनीवर फिरणारे एक यंत्र आले. त्याला म्हणत कासव. मुलाने हुकूम द्यायचा आणि कासवाने पेनाने कागदावर रेघ ओढत जायचे. नंतर हेच कासव पडद्यावर आले.

समजा, तीन समान बाजूंचा त्रिकोण काढायचा आहे. कोन साठ अंशांचा, हे मुलाला पाठ असते. म्हणून ते सांगते: पन्नास पावले पुढे जा, साठ अंश उजवीकडे वळ; असे तीनदा. होते काय, तर अर्धा षटकोन निघतो आणि आकृती उघडीच राहते. मग मूल उठते, स्वतः कासव होऊन फरशीवर चालू लागते. कोपऱ्यावर आले की त्याच्या पायांनाच कळते, साठ हा आतला कोन. वळायचे आहे एकशेवीस अंश! इथे लाल शाईची फुली नाही. चूक कुठे झाली ते हुडकायचे आणि पुन्हा हुकूम द्यायचा. १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात पेपर्ट यांनी हाच विचार मांडला. (आमच्या घरात मराठी डावीकडून लिहितात, उर्दू उजवीकडून. कासवाला दोन्ही दिशा सारख्याच!)

आपल्याकडे १९८४ मध्ये केंद्र सरकारची ‘क्लास’ योजना आली, ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक शाळांत पोचले. भर होता संगणकसाक्षरतेवर. म्हणजे यंत्राचे भाग पाठ करा. चपला बाहेर काढा, कळफलकाला हात लावू नका!

पेपर्ट यांचा विचार आपल्या मातीत उतरला तो २००७ मध्ये. मुलांसाठीचे हिरवे-पांढरे स्वस्त लॅपटॉप रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या छोट्या एकशिक्षकी शाळेत आले. त्यांत कासवही होते. आदल्याच वर्षी, डिसेंबरमध्ये, हनोईत मोटारसायकलची धडक बसून पेपर्ट यांच्या मेंदूला गंभीर इजा झाली होती. २०१६ मध्ये ते गेले.

कविता वाचायला शाळांमध्ये जातो, तेव्हा मी संगणकाची खोली आवर्जून पाहतो. यंत्रे किती, हे विचारत नाही. पडद्यावर जे चालले आहे ते कोणत्या मुलाने सांगितले म्हणून चालले आहे, एवढेच विचारतो. बहुतेक ठिकाणी मुलांच्या आधी सरच उत्तर देतात.