निखळलेला खांदा

शरीरांतील मोठ्या सांध्यांमध्यें सर्वांत मोकळा सांधा खांद्याचा, आणि सर्वांत अधिक निखळणाराहि तोच. दंडाच्या हाडाचा गोल माथा फऱ्याच्या उथळ खोबणीला टेकलेला असतो; श्रोत्यांनीं बशींत चेंडू ठेवून पाहावा, म्हणजे त्याची स्थिति ध्यानांत येईल. निखळलेलें हाड बसवावें कसें, हा प्रश्न जुना आहे. परंतु बसविलेलें हाड टिकवावें कसें, हा त्याहून अवघड.

पहिल्याचें उत्तर प्राचीनांस सांपडलें होतें. काख मुसळानें वर उचलावी आणि हाड स्थानीं बसल्यावर स्वस्तिकबंध बांधावा, असें सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत सांगितलें आहे. कांडणाचें मुसळ येथें शस्त्रवैद्याचें उपकरण झालें! ग्रीसमध्यें हिपॉक्राटिसच्या नांवावर असलेल्या सांध्यांवरील ग्रंथांत काखेंत टाच देऊन हात ओढण्याची रीत आहे. उंच माणसाच्या खांद्यावर किंवा शिडीच्या पायरीवर रोग्याची काख अडकवून त्याला लोंबकळत ठेवण्याचीहि आहे.

हा ग्रीक ग्रंथकार दुसऱ्या प्रश्नाशींहि झगडला. खांदा वारंवार निखळत असल्यामुळें चांगल्या अंगाच्या कित्येकांना तालीम सोडावी लागली, आणि कित्येक तर युद्धांत हात न चालल्यामुळें प्राणांस मुकले, असें तो सांगतो. त्याचा उपाय म्हणजे काखेंत तापल्या सळईनें डागणें. इतर वैद्य खांद्याच्या वरच्या वा पुढच्या अंगास डाग देत. त्यामुळें हाड उलट निसटावयाच्या बाजूसच ढकललें जातें, अशी त्यानें त्यांची हजेरी घेतली आहे. डाग भरतांना मांस आंखडेल आणि हाडाची वाट बंद होईल, ही त्याची अटकळ. विचार तर्कशुद्ध होता. पण डाग राहिला वरवर, आणि बिघाड होता सांध्याच्या आंत.

पुढें शतकानुशतकें भर राहिला तो जोरावर. दोर व कप्प्या लावून हात ओढीत, आणि त्यांत रक्तवाहिन्या किंवा मज्जातंतु तुटण्याचें भय असे. 1846 सालीं बोस्टन येथें ईथरची गुंगी यशस्वी ठरली. तिनें ताठरलेले स्नायू सैल पडूं लागले. 1870 सालीं बर्नच्या कोखरनें ओढण्याऐवजीं कोपर दुमडून हात बाहेर व मग आंत फिरविण्याची रीत प्रसिद्ध केली. 1895 मध्यें क्ष-किरण सांपडल्यावर हाड मोडलें आहे कीं नुसतें निखळलें आहे, हें दिसूं लागलें.

दुसऱ्या प्रश्नाची गांठ मात्र विसाव्या शतकांत सुटली. 1906 सालीं जर्मनींत पेर्थेसनें आणि 1923 सालीं लंडनच्या बँकार्टनें दाखविलें कीं, खोबणीच्या कडेची कूर्चा पुढून सुटलेली असते व ती आपोआप जुळून येत नाहीं. ती परत हाडाशीं शिवणें हीच बँकार्टची शस्त्रक्रिया. आज ती बहुधा लहान छिद्रांतून दुर्बिणीनें होते. कडेचें हाडच झिजलें असेल तर फऱ्याच्या पुढील हाडाचा तुकडा तेथें स्क्रूनें बसवितात. ही रीत ल्योंच्या लातार्जेनें 1954 सालीं प्रसिद्ध केली.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागते असें नाहीं. हाड बसविल्यावर कांहीं आठवडे हात झोळींत ठेवतात, मग क्रमाक्रमानें व्यायाम. तरुणांत, विशेषतः खेळाडूंत, खांदा पुन्हां निखळण्याचा संभव मोठा. चाळिशीनंतर तो कमी होतो. परंतु त्या वयांत खांद्याभोंवतींचे स्नायुबंध फाटलेले असूं शकतात, म्हणून दुखणें ओसरल्यावरहि हात वर उचलतां येत नसेल तर पुन्हां तपासणी करवून घ्यावी लागते.