मॅकनॅबची हुर्यो

अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजची पोरं ‘ड्राफ्ट’मधून संघात येतात. तळाच्या संघाला आधी निवडायचा मान. १९९८ ला १६ पैकी ३च सामने जिंकलेल्या फिलाडेल्फिया ईगल्सला १९९९ च्या ड्राफ्टमध्ये दुसरा नंबर मिळाला. चाहत्यांना हवा होता चेंडू घेऊन पळणारा रिकी विल्यम्स. महापौर एड रेंडेलही त्याच्याच बाजूने! (महापौर तिकडचेही असेच.) चाहते वेडे नव्हते, विल्यम्स कॉलेजचा हिरोच होता. पण नवे कोच अँडी रीड यांनी क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅब घेतला. न्यूयॉर्कला खास गेलेल्या तीसेक चाहत्यांनी भर सभागृहात पोराची हुर्यो उडवली.

त्याच मॅकनॅबने ईगल्सना पुढे सुपर बोलपर्यंत नेलं. न्यू ऑर्लिन्सने विल्यम्ससाठी त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या निवडी देऊन टाकल्या. त्या हंगामात सामने जिंकले ३.