रेडिएटर: घाटाने घडवलेली जाळी

रेडिएटर म्हणजे इंजिनात तापलेल्या पाण्याची उष्णता वाऱ्यावर सोडून देणारी जाळी. जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, साधारण तेवढाच सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जातो आणि उरलेल्यातला बहुतेक भाग पाण्याला वाहून न्यावा लागतो. सपाट रस्त्यावर हे सहज साधते, कारण गाडीच्या वेगानेच जाळीत वारा शिरतो. चढणीवर नेमके उलटे घडते: इंधन जास्त जळते, वेग कमी होतो आणि उष्णता सर्वाधिक असते तेव्हाच वारा सर्वांत कमी मिळतो. रेडिएटरच्या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीतील महत्त्वाच्या सुधारणा या पेचातून निघाल्या. कर्जत आणि खालापूर हे रायगडचे आतले तालुके याच पेचाच्या पायथ्याशी वसले आहेत. 1830 साली गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. 1863 साली त्याच घाटातून रेल्वे वर गेली. रेल्वेची चढण काही ठिकाणी 37 फुटांना 1 फूट इतकी तीव्र असल्याने कर्जतला गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. खोपोलीहून खंडाळ्याला जाणारा जुना मोटाररस्ता 10-12 किलोमीटरांत सुमारे 500 मीटर उंची गाठतो.

पहिल्या मोटारींना रेडिएटर नव्हताच. कार्ल बेंझच्या 1886 सालच्या तीनचाकीत इंजिनाभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई आणि तेवढे पाणी पुन्हा ओतावे लागे. 1888 साली कार्लची पत्नी बेर्टा बेंझ मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला याच जातीची गाडी घेऊन गेली, तेव्हा वाटेत जागोजागी पाणी भरत आणि चढावर गाडी ढकलत तिला जावे लागले. एक-दोन अश्वशक्तीच्या इंजिनाला ही रीत पुरली. इंजिन मोठे होऊ लागले तसे गाडीवर पाण्याचे वजनच इतके वाढले की वाढलेली ताकद ते ओढण्यात खर्ची पडू लागली.

त्यातून वाट काढली ती डाइम्लर कंपनीच्या विल्हेल्म मायबाखने. 1897 च्या सुमारास त्याने पाण्याच्या टाकीतून आरपार बारीक नळ्या घातल्या. नळ्यांतून वारा जाई आणि भोवतीचे पाणी निवे. पुढे 1900 साली त्याने गोल नळ्यांऐवजी 6 मिलिमीटर बाजूच्या चौकोनी नळ्या घेतल्या आणि 8070 नळ्या एकमेकींना चिकटून बसवल्या. दोन नळ्यांमधल्या चिंचोळ्या फटीतून पाणी वाहू लागले. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसणारी ही जाळी 35 अश्वशक्तीच्या पहिल्या मर्सिडीज गाडीवर चढली. आधी जिथे 18 लिटर पाणी लागे, तिथे आता 9 लिटरांत भागले. जाळीच्या मागे मायबाखने एक छोटा पंखाही बसवला, तो मुद्दाम कमी वेगातल्या प्रवासासाठी. रेडिएटर आणि पंखा ही जोडी तेव्हापासून आहे, आणि पंख्याविना रेडिएटर निवडणे ही आजही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मार्च 1901 मध्ये फ्रान्समधील नीस शहराजवळच्या ला तुर्बी घाटातील शर्यत या गाडीने जिंकली. नव्या रेडिएटरची एक मोठी परीक्षा अशी घाटातच झाली.

पोळ्याची जाळी सुरेख होती, पण हजारो सांधे हाताने झाळणे हे खर्चाचे काम होते. पुढे रचना उलटवली गेली. पाणी नळ्यांच्या आतून आणि वारा बाहेरून जाऊ लागला, आणि नळ्यांना तांब्याच्या पातळ पत्र्या म्हणजे फिन जोडल्या गेल्या. वर एक टाकी, खाली एक टाकी, मध्ये पितळी नळ्यांच्या उभ्या ओळी आणि सगळे डाख लावून जोडलेले, असा हा रेडिएटर यंत्रावर करता येई आणि साध्या गॅरेजात दुरुस्तही होई. फुटलेल्या नळीचे तोंड बंद करायचे, गळक्या टाकीला डाख द्यायचा, क्षाराने तुंबलेल्या नळ्यांत सळी घालून त्या मोकळ्या करायच्या, ही कामे करणारे कारागीर या रचनेमुळेच तयार झाले.

भारतात हा रेडिएटर गावोगाव गेला तो मुख्यतः दोन गाड्यांवर बसून. महिंद्रने 1947 साली विलीज जीप आणायला सुरुवात केली आणि पुढे तिची जुळणी मुंबईत होऊ लागली. 1954 साली टाटा आणि डाइम्लर-बेंझ यांच्यात करार झाला व जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले. हे सहकार्य 1969 पर्यंत टिकले. मायबाखने जिथे जाळी घडवली, त्या घराण्याचे ट्रक अशा रीतीने बोरघाट चढू लागले. घाटातले त्या काळचे चित्र अनेकांच्या आठवणीत आहे: बॉनेट उघडून कडेला लावलेले ट्रक, चाकाला लावलेला दगड, पाण्याचा डबा घेऊन उभा असलेला क्लीनर. घाटात इंग्रजांना वाट दाखवणाऱ्या धनगराचे म्हणून जे शिंग्रोबाचे देऊळ आहे, तिथे नाणे वाहून पुढे जाण्याची चालकांची रीत आहे.

उकळणारी गाडी कमी झाली ती झाकणामुळे. जुन्या रेडिएटरचे झाकण नुसते बूच होते, त्यामुळे पाणी 100 अंशांना उकळे, आणि खंडाळ्याच्या उंचीवर तर 98 अंशांच्या आसपासच. स्प्रिंगचे दाबझाकण आल्यावर आतला दाब वाढला. साधारण 1 बार जादा दाबाला पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. पाण्यात निम्मे ग्लायकोलचे कूलंट असेल तर ही मर्यादा आणखी वर जाते. कोकणात पाणी गोठण्याची भीती नसल्याने कूलंट हा थंड मुलखातला खर्च आहे, असा समज अजून आढळतो. तो चुकीचा आहे. कूलंटमधील द्रव्ये गंज रोखतात, आणि विहिरीचे किंवा बोअरचे पाणी भरत राहिल्याने नळ्यांत बसणारा क्षारांचा थर टळतो. मिसळायचे पाणीही बॅटरीत घालतात तसले डिस्टिल्ड असावे. या दाबाचीच दुसरी बाजू म्हणजे तापलेल्या गाडीचे झाकण उघडणे. वाफेने हात आणि चेहरा भाजण्याचे प्रकार त्यातूनच घडतात.

शेवटचा मोठा बदल धातूचा. तांबे उष्णता वाहण्यात ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी सरस आहे, तरी गेल्या चार दशकांत ॲल्युमिनियमने बाजार जिंकला. तांब्याच्या जाळीत नळ्या पितळेच्या आणि सांधे डाखाचे असतात. उष्णतेची वाट तिथे अडते. शिवाय डाख मऊ असल्याने नळ्या अरुंद ठेवाव्या लागतात. ॲल्युमिनियमची जाळी भट्टीत एकसंध जोडली जाते, नळ्या रुंद करता येतात आणि फिनला जास्त जागा चिकटते. तेवढ्याच आकाराच्या ॲल्युमिनियमचे वजनही तांब्याच्या एक तृतीयांशाहून कमी. कारखान्यातून निघणाऱ्या बहुतेक गाड्यांना आता ॲल्युमिनियमची जाळी आणि तिच्या दोन टोकांना प्लास्टिकच्या टाक्या असतात. रस्त्यावर हे उत्तम चालते. दगडगोट्यांच्या वाटेवर चासी पिळली गेली की पहिली तडकते ती या प्लास्टिक टाकीची कड, आणि तिला डाख लागत नाही.

कर्जत-खालापूरच्या चिखलवाटांवर जीप, थार किंवा पिकअप नेणाऱ्यांना कंपनीचा सोडून बाजारातला वेगळा रेडिएटर घ्यावासा वाटतो तो यामुळेच. कोथळीगडाच्या पेठ गावाकडे चढणारी कच्ची वाट असो की पावसात भरलेल्या भातखाचरांकडेचा गाडीमार्ग, वेग ताशी 5 ते 10 किलोमीटर आणि इंजिन मात्र पूर्ण ओझ्याखाली, अशी स्थिती तासन्‌तास असते. गाडीच्या वेगाचा वारा इथे नसल्यातच जमा, सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून रेडिएटर पाहण्याआधी पंख्याभोवतीचे आवरण म्हणजे काउल पाहावी. ती नसेल किंवा फुटलेली असेल, तर पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो आणि कितीही मोठी जाळी फुकट जाते. इंजिनावर चालणारा पंखा या कामाला चांगला, कारण लो गिअरमध्ये गाडी हळू चालली तरी इंजिन आणि पाण्याचा पंप जोरात फिरतात. ग्रिलपुढे लावलेली विंच, जादा दिवे आणि जाड बंपर यांनी किती वारा अडतो, हेही तपासावे.

जाळी निवडताना जाडीपेक्षा क्षेत्रफळ मोलाचे. चार ओळींच्या जाड जाळीत शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचणारी हवा आधीच तापलेली असते, आणि तेवढ्या जाडीतून ती ओढण्याचे बळ साध्या पंख्यात नसते. ग्रिलमागे मावेल तेवढी उंच-रुंद, रुंद नळ्यांच्या दोन ओळींची जाळी बहुतेक गाड्यांना पुरते. फिन किती दाट, हा प्रश्न इथे विशेष महत्त्वाचा. इंचाला 16-18 फिन असलेली जाळी कागदावर जास्त उष्णता टाकते, पण शेताडातील चिखल आणि गवताचे बी तिच्यात एका फेरीत बसते. इंचाला 10-12 फिनची जाळी कागदावर कमी भरली तरी दिवसाच्या शेवटीही वारा सोडते. एसी असलेल्या गाडीत कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट चिखलाने भरते व बाहेरून ते दिसत नाही. दोन्ही वेगळे करून धुता येतील अशी बसवणी हवी.

धातूचा निर्णय दुरुस्तीवरून करावा. जुन्या जीपला तांब्या-पितळेचा रेडिएटर अजूनही शोभतो, कारण डाख लावणारा माणूस तालुक्याच्या गावी मिळू शकतो. नव्या, जास्त ताकदीच्या डिझेल गाडीला टाक्यांसकट पूर्ण ॲल्युमिनियमचा रेडिएटर घ्यावा. त्याला आर्गन वेल्डिंग लागते आणि ते खोपोलीसारख्या कारखान्यांच्या गावात शोधावे लागते. दोन्हींना रबरी बुशांची बैठक हवी. चासीला थेट आवळलेली जाळी नळ्यांच्या मुळाशी फाटते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत इंजिन आणि चासीची अर्थिंग नीट असावी, नाहीतर भरकटलेला करंट पाण्यातून वाहून नळ्या आतून खातो.

तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय जुन्या मेकॅनिकांत आहे. ती मोडायला हवी. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेतली झडप; तो साधारण 80 अंशांना उघडतो आणि गरम झालेल्या इंजिनाला अडवत नाही. तो काढल्याने सपाटीवर इंजिन गार राहून झिजते आणि चढावरचा दोष तसाच राहतो.

ओढा ओलांडणे ही वेगळी कसोटी. उल्हास, पेज किंवा पाताळगंगेला मिळणाऱ्या ओढ्यांत पाणी पंख्यापर्यंत आले की प्लास्टिकची पाती पुढे वाकून जाळी कापतात. जुन्या जीपवाल्यांची पद्धत अजूनही बिनतोड आहे: ग्रिलपुढे ताडपत्री बांधायची, पंख्याचा बेल्ट सैल करायचा, एकाच संथ चालीने पलीकडे जायचे आणि पोहोचताच बेल्ट पुन्हा ताणायचा.

नवा रेडिएटर बसवल्यावर झाकणही नवे आणि गाडीला नेमून दिलेल्या दाबाचेच घ्यावे. प्रत्येक चिखलवारीनंतर जाळी इंजिनाच्या बाजूने पुढे अशी धुवावी, आणि प्रेशर वॉशरची धार तिच्यावर जवळून मारू नये. वाकलेल्या फिन पुन्हा पूर्ण सरळ होत नाहीत.