नेवा अंकचिन्हे आणि पुष्पिकांतील कालनिर्देश

नेपाळ खोऱ्यातील हस्तलिखितांचा काल ठरविताना अभ्यासकाची भिस्त पुष्कळदा पुष्पिकेतील तीन अंकांवर असते. इ. स. ८७९ पासून मोजला जाणारा नेपाळ संवत तेथील लेखक शतकानुशतके वापरीत आले. त्याचे वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेस, म्हणजे महाराष्ट्रातील बलिप्रतिपदेच्या दिवशी, पालटते. संवत ५४८ म्हणजे इ. स. १४२७-२८. यातील पाचाच्या जागी सहा वाचला गेला, तर पोथी यक्षमल्लाच्या कारकीर्दीच्या (१४२८-१४८२) उंबरठ्यावरून उचलली जाऊन त्याच्या पश्चात विभागलेल्या राज्यांच्या काळात जाऊन पडते. म्हणूनच हे अंक संगणकावर कोणत्या चिन्हाने उतरवावेत, हा प्रश्न केवळ मुद्रकाचा नव्हे.

नेवा, अर्थात प्रचलित, लिपीस युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते जून २०१६ मध्ये, नवव्या आवृत्तीत. तत्पूर्वी तिच्या नावावरून बराच वाद झाला होता. तिच्या दहा अंकांस षोडशमान पद्धतीने ११४५० ते ११४५९ हे संकेतांक दिलेले आहेत. ही सोय होण्यापूर्वी दुसऱ्या लिपीच्या संकेतांकांवर नेवा वळणाचा फाँट चढवून काम भागवावे लागे. असा देवनागरीवर बेतलेला अंक दुसऱ्या यंत्रावर मुकाट्याने देवनागरी होऊन बसे आणि मूळ पाहावे अशी शंकाही वाचकास येत नसे. रोमन अक्षरांवर बेतलेल्या फाँटचा गोंधळ त्या मानाने बरा. तो निदान लपत नाही.

आता नेवा पाच व देवनागरी पाच यांचे मूल्य एकच, परंतु चिन्हे भिन्न मानली जातात. परिणामी देवनागरी '५४८' शोधणाऱ्यास नेवा अंकांतील तीच तिथी साध्या शोधात सापडत नाही. सूचीकाराने मूळ अंकांबरोबर देवनागरी रूपही स्वतंत्र रकान्यात नोंदविणे यासाठी आवश्यक ठरते. मोडी अंकांची स्थिती हीच आहे. त्यांस २०१४ मध्ये वेगळे संकेतांक मिळाले.

तथापि संकेतांक मूल्य जपतो, लेखकाच्या हाताचे वळण जपत नाही. संदिग्ध अंक टंकलिखित होताच निःसंदिग्ध दिसू लागतो, हा या साधनाचा खरा धोका होय. दुसरा धोका अक्षरांकांचा. नेपाळातील जुन्या ताडपत्री पोथ्यांत पत्राच्या डाव्या समासात अक्षरांनी व उजव्या समासात अंकांनी पत्रसंख्या दिलेली आढळते. सेसिल बेंडॉल याने केंब्रिज येथील बौद्ध संस्कृत हस्तलिखितांच्या १८८३ च्या सूचीत संख्याचिन्हांचे तक्ते दिले ते अशाच सामग्रीवरून. अक्षरांकाच्या जागी सरसकट अंकचिन्ह घातले, तर संख्या बरोबर राहूनही लेखनपरंपरेचा पुरावा नाहीसा होतो. अशा ठिकाणी अक्षर अक्षर म्हणूनच उतरवावे, त्याचे मूल्य कंसात द्यावे, आणि संशयित अंकाशेजारी मूळ पत्राचे छायाचित्र जोडावे.