खारा वारा आणि चाकाची साक्ष : एबीएसच्या सेन्सरचा इतिहास

१/१२
माणगावहून म्हसळ्यामार्गे बोर्ली पंचतनला येणारा रस्ता चढउतारांचा आणि वळणांचा. पुढे दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनकडे जाताना तो समुद्राला बिलगूनच धावतो. पावसाळ्यात अशा उतारावर ब्रेक दाबणाऱ्या चालकाचा भरवसा चाकामागे दडलेल्या, बोटाएवढ्या एका वस्तूवर असतो. ती म्हणजे एबीएसचा सेन्सर. या वस्तूच्या इतिहासात मिठाचे एक महत्त्वाचे प्रकरण आहे, आणि ते किनाऱ्यावरील वाचकांनी जाणून घ्यावे असे आहे.

२/१२
मूळ अडचण मोटारीइतकीच जुनी. ओल्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबला की चाक फिरायचे थांबते. गाडी मात्र घसरतच राहते. घसरणारे चाक स्टिअरिंगला जुमानत नाही. उपाय एकच : चाक अडकण्याच्या बेतात असताना ब्रेक क्षणभर सोडायचा, पुन्हा लावायचा, आणि हे सेकंदात अनेकदा करायचे. माणसाच्या पायाला ते जमत नाही. यंत्राला जमवायचे, तर कोणते चाक अडकू लागले आहे हे त्याला आधी कळायला हवे.

३/१२
या प्रश्नाचे पहिले यशस्वी उत्तर विमानांसाठी शोधले गेले. १९५० च्या दशकात ब्रिटनमधील डनलॉप कंपनीचे ‘मॅक्सारेट’ हे उपकरण विमानांवर आले. चाकाबरोबर फिरणारे एक लहान गतिचक्र त्यात असे. चाक एकाएकी मंदावले, की गतिचक्र स्वतःच्या वेगाने पुढे निघे आणि ब्रेकचा दाब सोडणारी झडप उघडे. त्यात विजेचा वा गणिताचा संबंध नव्हता. १९६६ च्या जेन्सन एफएफ या मोटारीतही मॅक्सारेटच बसवले होते.

४/१२
पुढे हे काम इलेक्ट्रॉनिक्सकडे गेले. १९७१ साली क्रायसलरच्या इम्पीरियल मोटारीत बेंडिक्स कंपनीची चारही चाकांवर चालणारी प्रणाली आली. जर्मनीत मर्सिडीज-बेंझने १९७० साली आपली प्रणाली जगाला दाखवली. पण तेव्हाचे इलेक्ट्रॉनिक्स रस्त्यावरच्या धक्क्यांत टिकण्याइतके भरवशाचे नव्हते. १९७८ साली बॉशची डिजिटल प्रणाली मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत बसली आणि आजच्या एबीएसची वाट मोकळी झाली.

५/१२
सेन्सरची रचना साधी आहे. चाकाबरोबर एक दातेरी लोखंडी रिंग फिरते. तिच्यासमोर, अगदी थोडे अंतर राखून, तारेच्या वेटोळ्यात बसवलेले चुंबक असते. प्रत्येक दाता समोरून गेला, की तारेत विजेचा एक हलका ठोका उमटतो. ठोके जितके भरभर, तितका चाकाचा वेग जास्त. नव्या गाड्यांत बहुधा १८७९ साली एडविन हॉल यांनी शोधलेल्या परिणामावर चालणारे सेन्सर असतात. ते अगदी मंद वेगही टिपतात.

६/१२
इतिहासाच्या अभ्यासकाला ही पद्धत ओळखीची वाटेल. एकाच बखरीवर विसंबून निर्णय करायचा नसतो; चार साधने ताडून पाहायची असतात. एबीएसचा संगणक हेच करतो. चार चाकांच्या चार साक्षी तो सतत पडताळतो. तिघांचा वेग सारखा आणि चौथ्याचा एकाएकी शून्याकडे, तर चौथे चाक अडकते आहे असा निष्कर्ष तो काढतो.

७/१२
साक्षीदार गप्प झाला तर? तार तुटली, जोडणीत पाणी शिरले, रिंगला तडा गेला, तर बहुतेक वेळा संगणकाला दोष कळतो. तो डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावतो आणि एबीएस बंद करतो. गाडी घसरू न देणारी ईएससी प्रणालीही याच सेन्सरवर अवलंबून असल्याने तीही थांबते. साधा ब्रेक मात्र चालूच राहतो. हा दोष गंभीर आहे. पण तो लपून राहत नाही.

८/१२
खरा धोका खोट्या साक्षीचा. २००५ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने सुमारे आठ लाख पिकअप आणि एसयूव्ही गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. १९९९ ते २००२ या मॉडेल-वर्षांच्या त्या गाड्यांत सेन्सरच्या बैठकीखाली गंज धरत होता. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्याने सेन्सर हळूहळू वर उचलला, रिंगपासूनचे अंतर वाढले आणि ठोके क्षीण झाले.

९/१२
परिणाम विपरीत झाला. गाडी थांबण्याच्या बेतात, वेग कमी असताना, क्षीण ठोके संगणकाला दिसेनासे होत. चाक अडकले असे समजून तो ब्रेकचा दाब सोडत असे. पेडल थरथरे आणि गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन थांबे. रक्षणासाठी बसवलेली यंत्रणाच ब्रेक काढून घेत होती. उपाय मात्र साधा होता : बैठक घासून साफ करणे, गंजरोधक लावणे, गरज पडल्यास सेन्सर बदलणे.

१०/१२
त्या रिकॉलचा नकाशा बोलका आहे. तो संपूर्ण देशासाठी नव्हता. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकणारी १४ राज्ये आणि राजधानीचा जिल्हा एवढ्यापुरताच तो होता. गाडी तीच, कारखाना तोच. दोष ठरवला तो मिठाने. कोकणात रस्त्यावर मीठ कोणी टाकत नाही. येथे ते वाऱ्यातूनच येते. दिवेआगरच्या पुळणीवर गाडी उतरवणारा पर्यटक तर ते थेट चाकांना चोपडतो. फाटकाच्या बिजागऱ्या आणि पत्र्याचे खिळे कसे गंजतात, हे बोर्ली पंचतनमध्ये कोणाला सांगावे लागत नाही.

११/१२
भारतात १२५ सीसीवरील नव्या मॉडेलच्या दुचाकींना एप्रिल २०१८ पासून आणि अशा सर्व नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. सदोष गाड्या सक्तीने परत बोलावण्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. त्यांत तक्रारींची संख्या त्या मॉडेलच्या देशभरातील वार्षिक विक्रीशी ताडली जाते आणि गाडी सात वर्षांच्या आतील असावी लागते. देशभराच्या या मापात फक्त किनारपट्टीवर उद्भवणारा, सावकाश वाढणारा दोष सहज नजरेआड होऊ शकतो. अमेरिकेत मीठ हाच निकष धरला गेला. आपल्या नियमांत किनाऱ्यासाठी वेगळे माप नाही.

१२/१२
म्हणून प्रत्येक नोंदीला मोल आहे. गाडी सुरू करताना एबीएसचा दिवा लागून विझायला हवा. तो लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर गॅरेज गाठावे. कोरड्या रस्त्यावर, हळू वेगात ब्रेक लावताना पेडल थरथरले, तर सेन्सरची बैठक तपासून घ्यावी. पुळणीवरून परतल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा. आणि दोष आढळल्यास तो केवळ मिस्त्रीला सांगून न थांबता सरकारच्या वाहन पोर्टलवर नोंदवावा. २००५ चा तो रिकॉल एका गंजक्या बैठकीमुळे घडला नाही. तसे अनेक अनुभव एकत्र नोंदले गेले, म्हणून घडला.