विहिरीवरची गोष्ट आणि केडगावच्या रमाबाई

मी वरवे बुद्रुकहून बोलतेय.

गेल्या संक्रांतीला आमच्या बचत गटानं हळदीकुंकू केलं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या, खर्च वहीत नीट लिहिला. आणि गटातल्या एका वहिनींना बोलावणंच गेलं नाही. त्यांचे मालक भाताच्या लावणीआधी वारले होते. त्यांना वगळायचं असं कुणी ठरवलं नव्हतं, पण बोलवायचं असंही कुणाच्या तोंडून आलं नाही. यादी मीच केली होती. पुढच्या बैठकीला वहिनी आल्या, हप्ता भरला, सही केली आणि हळूच म्हणाल्या, "ताई, माझी वाटी उरली असेल ना?" मला मान वर करता येईना.

तेव्हापासून मी पंडिता रमाबाईंबद्दल मिळेल ते वाचतेय. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव एका ओळीत यायचं, तेवढीच ओळख. आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावला त्यांनी आयुष्य काढलं. त्यांच्या वाट्याला किती मरणं आली आणि त्यानंतर त्या उठल्या कशा, ते आज सांगते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, कर्नाटकात गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, तेही बाईनं शिकणं पाप समजलं जायचं त्या काळात. आईनं ते रमाला शिकवलं. सगळं कुटुंब पायी तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गावोगाव फिरायचं. १८७४ च्या आसपास दक्षिणेत दुष्काळ पडला आणि पुराण ऐकून दक्षिणा देणारं कुणी उरलं नाही. आधी वडील गेले, थोड्याच दिवसांत आई, मग मोठी बहीण. आईच्या शेवटच्या दिवसांची एक आठवण रमाबाईंनी पुढे लिहून ठेवली आहे. आईसाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला त्या शेजारणीच्या दारात गेल्या. तोंडातून शब्द फुटेना. शेवटी त्या बाईनं तुकडा दिला, तो घेऊन रमा पळत आली, पण आईच्या अंगात तो खाण्याइतकंही बळ राहिलं नव्हतं. पोरीचं वय तेव्हा सोळा-सतरा.

मागे राहिले ती आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हिंडत १८७८ ला कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी तिचं संस्कृत ऐकलं आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. १८८० ला भाऊ गेला. त्याच वर्षी तिनं बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, म्हणून नोंदणी पद्धतीनं. १८८१ ला मुलगी झाली, मनोरमा. फेब्रुवारी १८८२ मध्ये नवरा पटकीनं गेला. रमाबाई तेविसाव्या वर्षी विधवा झाल्या. कडेवर दहा महिन्यांची पोर, माहेर नाही आणि सासरचा आधारही नाही.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, 'स्त्री धर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि १८८३ ला पोरीला घेऊन इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कानाला नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून ते राहिलं. बरोबर गेलेल्या मैत्रिणीनं तिथं स्वतःचा जीव दिला. परक्या देशात हाही घाव बसला.

त्या वाँटेज गावी जोगिणींच्या मठात राहत होत्या. जोगिणी म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनी म्हणा. त्यांनी रमाबाईंना लंडनमधल्या फुलहॅमच्या आपल्या एका घरी पाठवलं. तिथं समाजानं टाकून दिलेल्या बाया राहत होत्या, ज्यांचं नाव घ्यायलाही लोक लाजतात अशा. त्यांना कुणी टोचून बोलत नव्हतं, प्रेमानं शिकवत होते, काम देत होते. रमाबाईंना नवल वाटलं. हे तुम्ही कशासाठी करता, असं त्यांनी विचारलं. उत्तर म्हणून एका सिस्टरनं त्यांना बायबलमधली विहिरीवरची गोष्ट वाचून दाखवली.

ती गोष्ट तुम्हाला सांगते, कारण पाणी भरणाऱ्या बाईला ती लगेच कळते. भर दुपारी एक शोमरोनी बाई विहिरीवर येते, एकटीच. गावच्या बायका पाण्याला कधी जातात? सकाळी नाहीतर संध्याकाळी, घोळक्यानं. एकटी, उन्हात येणारी बाई का येते, हे आपल्याला कुणी समजवायला नको. तिचे पाच नवरे होऊन गेलेले. तिच्या जातीच्या भांड्यातलं पाणी यहुदी लोक पीत नसत. आणि येशू, स्वतः यहुदी, तिच्याकडे पाणी मागतो. तिच्याशी धर्माच्या मोठ्या गोष्टी बोलतो, देवाची खरी उपासना अमक्या डोंगरावर किंवा तमक्या देवळात अडकलेली नाही असं सांगतो. हे सगळं एका बाईला, तेही तसल्या बाईला!

तिथं रमाबाईंच्या मनानं घेतलं. ज्या देवाच्या दारात त्यांच्यासारखी बाई अपशकुनी ठरत नाही असा देव त्यांना सापडला. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी आणि मनोरमानं बाप्तिस्मा घेतला.

आमच्या गटात हे सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "म्हंजे धरम बदललेली बाई. तिचं आपण कशाला ऐकायचं?" प्रश्न खोटा नाही, तेव्हाही पुण्यात लोकांनी हाच विचारला होता. पण रमाबाई मिशनऱ्यांचंही मुकाट्यानं ऐकणाऱ्या नव्हत्या. मांस त्यांनी खाल्लं नाही, लुगडं सोडलं नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपली संस्कृत काय वाईट, असं त्या त्याच मठातल्या सिस्टरशी भांडल्या. माझी सद्सद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हाती देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि पुढे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बुद्धीला पटलं होतं, पण मनाला शांती नव्हती. ती आली १८९१ च्या सुमारास, बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर. मला हे वाचून बरं वाटलं. देवाचं नाव घेतलं की दुःख लगेच निवतं असं आपण शोक करणाऱ्या बाईला किती सहज सांगतो! रमाबाईंसारख्या बाईलाही आठ वर्षं लागली.

इंग्लंडहून त्या अमेरिकेला गेल्या, तिथं मदतनीस मिळवले, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे, तेव्हाच्या गोदूबाई, तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थिनी. १८९३ ला वादळ उठलं. मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून ओरड झाली, 'केसरी'नं झोड उठवली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती मी समजू शकते. पण नेलेल्या मुलींचं पुढं काय झालं? केशवपन, एक वेळचं जेवण आणि कोपरा. भीती घालणाऱ्यांपैकी त्यांना शिकवायला कोण पुढं आलं होतं, हेही विचारायला हवं.

मग केडगाव. १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भुकेल्या पोरींच्या बातम्या आल्या आणि रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. आईसाठी तुकडा मागताना जिची वाचा बसली होती, तीच ही मुलगी, आता चाळिशीला आलेली. शेकडो मुली त्यांनी आणल्या. केडगावला जमीन घेतली होती, तिथं 'मुक्ती' उभं राहिलं. १९०० ला गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिथूनही आणल्या. त्या सुमारास मुक्तीत दीड हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या आणि शंभरावर गुरं. एवढ्या तोंडांना रोज दोन वेळा भाकरी म्हणजे किती पीठ, किती सरपण, हिशेब तुम्हीच करा. शेती, विणकाम, छापखाना सगळं बायका चालवत, खिळे जुळवायलाही बायकाच. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल सोप्या मराठीत आणायला बसल्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा.

श्रद्धेमुळे पुढची मरणं टळली नाहीत. मनोरमा शिकून आली, आईच्या जागी काम सांभाळू लागली, आणि २४ जुलै १९२१ ला चाळिसाव्या वर्षी गेली. आईचं वय त्रेसष्ट. त्यानंतर त्या नऊ महिनेही जगल्या नाहीत, ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. पण त्या महिन्यांतही बायबलच्या कामाला बसत होत्या आणि ते त्यांनी संपवत आणलं.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. सरकारनंही इतर गावांना तसं करायला सांगितलं. आमच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा असा अर्ज गटानं लिहिलाय. सह्या सतरा झाल्या आहेत. पहिल्या बैठकीत चारच होत्या. मावशींची सही अजून नाही, पण अर्ज त्यांनी दोनदा वाचून घेतला.

ती वाटी मी वहिनींच्या घरी नेऊन दिली. त्यांनी चहा केला. बराच वेळ मालकांच्या आजारपणाचं बोलत होत्या. इतके महिने त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

भात काढणी उरकली की आम्ही केडगावला जाणार आहोत. पुण्याहून सोलापूरच्या रेल्वेवर ते स्टेशन आहे. डबा घरून आणायचा. ज्यांना यायचं असेल त्यांनी वहिनींकडे नाव द्यावं, वही त्यांच्याकडे आहे.