निपाणीची आत्या देवगडला चढते

वय नऊ धरा. या प्रवासात साल बदलेल, बोट बदलेल, वय मात्र नऊच राहील. म्हणजे उंची एवढी, की बोटीच्या कठड्यावर हनुवटी जेमतेम टेकते.

साल 1958. मे महिन्याचा पहिला आठवडा. पहाटे बेळगावहून वेंगुर्ल्याची गाडी सुटली तेव्हा तुम्ही झोपेतच होता. जाग येते ती शिनोळी मागे पडल्यावर. पुढच्या बाकावर वडील शेजारच्या माणसाला सांगतायत, की हा चंदगड तालुका परवा-परवापर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात ढकललं गेलं आणि चंदगड कोल्हापूरला जोडून मुंबई राज्यात राहिलं. तुम्हाला त्यातलं एवढंच कळतं, की हे सांगताना वडिलांचा आवाज चढतो आणि आई त्यांच्या दंडाला हळूच हात लावते.

मामा गिरगावात राहतात. मुंबईला जायचं, तर समुद्राकडे कशाला? रेल्वे आहेच, पण मिरज, पुणे असं करत, गाड्या बदलत, ट्रंका हमालाच्या डोक्यावर चढवत-उतरवत जायचं आजीच्या गुडघ्यांना झेपत नाही. पूर्वी कॅसलरॉकवरून गोव्यात उतरून तिथून बोट धरता यायची. 1955 च्या सत्याग्रहानंतर ती वाट बंद आहे. गोव्यात अजून पोर्तुगीज आहेत. राहिलं वेंगुर्लं. ते तर बेळगावचं जुनंच बंदर. रेल्वे यायच्या आधी बेळगावच्या लष्करी छावणीतल्या गोऱ्या पलटणी आणि त्यांचं सामान याच बंदरात उतरून घाट चढायचं. 1880 च्या दशकात रेल्वे बेळगावात आणि मुरगावात पोहोचली, आणि वेंगुर्ल्याची रया गेली. रस्ता उरला. त्याच रस्त्यावरून तुमची गाडी आंबोलीचा घाट उतरतेय, आणि पहिलं वळण संपायच्या आत तुम्हाला गाडी लागलीय.

‘‘आत्ताच गाडी लागली, मग बोट लागल्यावर काय करशील गं?’’ आजी लिंबू नाकाशी धरते.

वेंगुर्ल्याला बोट किनाऱ्याला लागत नाही. ती लांब, खोल पाण्यात उभी असते आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जातात. हे कोणी तुम्हाला आधी सांगितलेलं नाही. पडाव बोटीच्या अंगाला भिडतो, लाटेबरोबर पुरुषभर वर जातो आणि तितकाच खाली येतो. वर शिडीपाशी एक खलाशी पाय रोवून उभा. खालचा खलाशी तुम्हाला काखेत धरतो, लाट वर यायची वाट बघतो आणि अक्षरशः फेकतो. वरचा झेलतो. परकराच्या ओच्यात बांधलेल्या काजूबिया पाण्यात जातात. त्याचं रडू येतं, फेकलं गेल्याचं येत नाही.

आजीला असं फेकता येत नाही. ती शिडीवर पाय ठेवण्याआधी पदराची गाठ सोडते आणि एक पैसा समुद्राला देते. अकरा वर्षांपूर्वी, 17 जुलै 1947 ला, गटारी अमावास्येच्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. तेव्हापासून कोकणच्या बोटीत पाय ठेवताना कुणी काही बोलत नाही, पण गाठी सुटतात.

डेकवर खुर्च्या वगैरे काही नाही. सतरंजी ज्याने आधी पसरली त्याचं घर. ट्रंका लावून भिंती होतात, वळकटीचा लोड होतो, फिरकीचा तांब्या मधोमध. शेजारी मालवणचं कुटुंब, पलीकडे आंब्याच्या पेट्या, त्यापलीकडे एका टोपलीत कोंबड्या. गरम तेलाचा, सुक्या मासळीचा आणि हापूसचा मिळून एक वास येतो. तो वास पुढे कुठंही आला, तरी तुम्हाला मामाचं घर आठवेल. जेवण म्हणजे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. कुंद्याचा डबा मामीसाठी आहे, त्याला हात लावायचा नाही.

याला त्या काळी सहल कुणी म्हणत नव्हतं. मुंबईला जाणं म्हणत. पण मला विचाराल तर बेळगावच्या मुलांना मिळालेली समुद्रावरची सगळ्यात चांगली सुट्टी हीच. कारण बोट थांबायची. मालवणला सिंधुदुर्गाच्या तटापलीकडे थांबली की पडाव यायचे, माणसं चढायची, उतरायची, कुणाची तरी म्हातारी खालून ओरडून निरोप द्यायची. भूगोलाच्या पुस्तकात ठिपक्यासारखं असलेलं बंदर इथं घामेजलेलं, भांडणारं, कंदील धरलेलं दिसायचं.

आणि तुम्ही ज्यासाठी जागे आहात, ते देवगड अजून यायचंय. निपाणीची आत्या तिथं चढणार. आत्याच्या घरी तंबाखूचा व्यापार. देवगड-निपाणी रस्त्याने तंबाखू फोंडाघाट उतरते आणि मीठ, सुकी मासळी, आंबा घाट चढतो. यंदा त्यांनी देवगडात एक बाग खंडाने घेतलीय, म्हणून आत्या महिनाभर तिथंच होती. वडील कठड्याशी उभे. अंधार पडलाय. किनाऱ्यावर टेकडीवरचा दिवा फिरतोय; उजेड येतो, जातो. खाली पाण्यात तीन कंदील हलतायत, एकदम जवळ वाटतात आणि पुन्हा लाटेखाली जातात. बोटीचा भोंगा वाजतो. वल्ह्यांचा आवाज, मग माणसांचा. एक मूल वर फेकलं जातं, मग दुसरं, मग एक पेटी, मग आत्याची शिवी (खलाशाला) आणि तिच्यामागून खुद्द आत्या.

‘‘निपाणीची सगळी चढली न्हवं?’’ वडील अंधारात ओरडतात.

‘‘चढलो की!’’

सतरंज्या जोडून घर मोठं होतं. रात्रभर इंजिन पाठीखाली धडधडतं. रत्नागिरी झोपेत जाते. सकाळी मुंबई दिसते तेव्हा तुम्हाला बोट लागून तिसऱ्यांदा उलटी झालेली आहे, आणि तरी भाऊचा धक्का येऊ नये असं वाटतं. परतीला बोट नाहीच. आगोट जवळ आली, महिनाअखेर बोटी बंद होतील. येताना रेल्वे.

साल 1984. वय नऊच.

वडील बँकेत आहेत आणि हातात एलटीसी नावाचं कोलीत आहे. म्हणजे रजा आहे, भाडं सरकारी हिशेबात आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा घरात ‘फिरायला जायचं’ असा शब्द उच्चारला जातो. कुणाकडे नाही, लग्नाला नाही, नुसतं फिरायला! पोर्तुगीज जाऊन तेवीस वर्षं होत आलीत. बेळगावहून एसटीने घाट उतरायचा, पणजीच्या धक्क्यावर ‘कोकण सेवक’मध्ये बसायचं आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय. बोट धक्क्याला लागलेली असते. फळीवरून चालत जायचं. कुणी तुम्हाला फेकत नाही.

डेक तोच, सतरंजीही बहुधा तीच. पण शेजार बदललाय. पलीकडे चार हिप्पी, अनवाणी, गळ्यात मणी, एकाकडे गिटार. निपाणीची आत्या आता म्हातारी झालीय. ती या खेपेला बेळगावातूनच तुमच्याबरोबर निघाली. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघते, मग चिवड्याचा डबा पुढे करते. ‘‘ह्यांच्या आईबापांस्नी ठाऊक तरी हाय काय, पोरं कुठं हाईत ते?’’ गिटारवाला दोन मुठी चिवडा घेतो आणि हात जोडतो. वडील क्लिक थ्री कॅमेऱ्याने फोटो काढतात. तो फोटो पुढे निपाणीच्या घरात भिंतीवर लागला तर आत्या आणि हिप्पी शेजारी-शेजारी दिसतील, आणि त्याचा खुलासा करता करता नाकी नऊ येतील.

(1972 चा ‘बॉम्बे टू गोवा’ तुम्ही पाहिला असेल. त्यात सगळी वरात बसने जाते. हिंदी सिनेमाला बोट का सुचली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. बोटीत गाणी म्हणायला जागाही जास्त होती.)

एसटी आता घाटाखाली गावोगाव पोहोचलीय, बंदरांत गाळ साचलाय, पडावांचं काम संपत आलंय. तुम्हाला बोटीत गंमत वाटते ती इंजिनाच्या जाळीतून खाली बघण्याची आणि कँटीनच्या भज्यांची. किनाऱ्याकडे तुम्ही फारसं बघत नाही. आई बघते. रात्री तहान लागून जाग येते तेव्हा ती कठड्याशी एकटीच उभी असते. लांब एक उजेड येतो आणि जातो.

‘‘काय बघतेस?’’

‘‘देवगड. झोप तू.’’

पुढची वर्षं भराभर उलटू, कारण त्यांत तुमच्या घरचं कुणी बोटीवर नाही. कोकण बोटीची सेवा त्या दशकाबरोबरच संपली. नव्वदच्या दशकात दमानियाची कॅटामरान मुंबई-गोवा धावली: वातानुकूलित, खुर्च्यांच्या रांगा, सगळा प्रवास सात-आठ तासांत. विमानात बसून पाण्यावरून जावं तसं. खिडकी उघडत नाही, त्यामुळे वास नाही. तीही बंद पडली. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि बोटीने कुठं ‘जायचं’ हा विषयच मिटला. 2018 च्या ऑक्टोबरात कान्होजींचं नाव घेऊन ‘आंग्रिया’ सुटली. मूळची जपानची, टोकियोहून ओगासावारा बेटांकडे जाणारी. संध्याकाळी मुंबई, सकाळी गोवा. तिच्यात झोपायला खणाखणांच्या बिछान्यांची सामायिक दालनंही होती, म्हणजे सतरंजीची थोडी आठवण ठेवलेली. कोरोनाने तिला थांबवलं.

साल 2023, डिसेंबर. वय नऊ.

तुम्हाला गोव्याला जायचंय. बेळगावहून गोवा चोर्ल्याच्या घाटाने सकाळचा नाश्ता करून निघालात तर जेवायला पोहोचाल एवढ्या अंतरावर. तरी तुम्ही रात्री दहाला उत्तरेकडे निघालात, कारण क्रूझ मुंबईहून सुटते. आजी गाडीत मागे बसून हे तीनदा म्हणून झालीय: ‘‘आम्ही मुंबईला जायला समुद्रात उतरत होतो. तुम्ही समुद्रात उतरायला मुंबईला जातासा.’’ बाबा हसतात. ते एकदा गिटारवाल्या हिप्पीच्या शेजारी बसून मुंबईला गेले होते, पण तो फोटो कुठं गेला, ठाऊक नाही.

कोगनोळीच्या टोलनाक्यापाशी दुसरी गाडी थांबलेली असते: आत्याआजीचा नातू, त्याची बायको, दोन मुलं. दोन वर्षांपूर्वी याच नाक्यावर कोरोनाचा अहवाल दाखवल्याशिवाय पलीकडची गाडी अलीकडे येत नव्हती. आज कुणी विचारत नाही. मुलं गाडी बदलून तुमच्या शेजारी येतात, टॅब्लेटसकट. दशम्या पनवेलच्या आत संपवायच्या असं ठरलंय. ‘‘आत सगळं मिळतं,’’ आई म्हणते.

आणि मिळतं. कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ अकरा मजली आहे, फ्रान्समध्ये बांधलेली, 1990 ची. गळ्यात कार्ड, दाराला कार्ड, सरबताला कार्ड. पोहण्याचा तलाव, चढायची भिंत, कॅसिनो (तुम्हाला बंदी), जेवणाच्या टेबलांवर जैन, पंजाबी, इटालियन. समुद्र बघायला मिळणार की नाही, हे खोलीच्या दरावर. बाल्कनीची खोली महाग, खिडकीची जरा कमी, आतल्या खोलीला नुसती भिंत. 1958 मध्ये ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे, त्याला सगळ्यात जास्त समुद्र दिसायचा, कारण तो उघड्यावर झोपायचा. पण खोटं कशाला बोलू, तुम्हाला हे जहाज आवडतं. चार मजले धावत वर, तीन खाली. निपाणीच्या मुलांशी शर्यत. आई-बाबा तीन दिवस कुणाचा स्वयंपाक करत नाहीत, कुणाची ट्रंक राखत नाहीत. 1958 च्या आईने त्या रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता.

रात्री जेवण झाल्यावर आजी म्हणते, मला बाहेर ने. तुम्ही तिचा हात धरून डेकवर येता. संगीत चालू आहे, पूर्वेला काळोख. जहाज किनाऱ्यापासून बरंच आत आहे. एक तरुण वेटर अदबीने पुढे येतो.

‘‘देवगड कधी येतं हो?’’ आजी विचारते.

‘‘डेक दहा? लिफ्टने वर, मॅडम.’’

आजी त्याला ‘बरं’ म्हणते. पर्समधून आवळासुपारी काढते, एक फोड तुम्हाला, एक स्वतःला. तुम्हाला बोट लागलेली नाही. हे जहाज हलतच नाही मुळी. ती कठड्यावरून खाली बघते. पाणी फार खाली आहे, दिव्यांच्या उजेडात पांढरं होऊन मागे पळतंय. मग ती पूर्वेकडे बघत राहते. एकदा तुम्हाला वाटतं, तिकडे काहीतरी लकाकलं. पुन्हा बघता तर नाही.

‘‘निपाणीची सगळी चढली न्हवं?’’ आजी एकदम म्हणते.

‘‘आजी, कोगनोळीलाच चढली की.’’